बाळसं अक्षरातला ठ

सोमवार, ४ ऑगस्ट १९९७. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी नोएडातल्या कृष्णाकाठ सोसायटीच्या तळमजल्यावर, रस्त्याकडच्या खिडकीच्या वर, एक पाटी चढली. सहा फूट लांब, दोन फूट उंच, पिवळ्यावर जांभळी अक्षरं: ‘बाळसं’. खाली बारीक अक्षरांत ‘सरलाताईंची बालवाडी’.

सात पंचवीसला सरलाताई पाटी लांबून कशी दिसते ते पाहायला रस्ता ओलांडून गेल्या. वळून पाहिलं, पाटी छान दिसत होती. परत निघताना त्यांचं लक्ष आपण ज्या इमारतीखाली उभ्या आहोत तिच्याकडे गेलं. तिथेही पाटी होती. हिरवी, बारा फूट लांब. रविवारी संध्याकाळपर्यंत तिच्यावर कापड होतं. आता कापड नव्हतं आणि ‘ठुमक प्ले स्कूल’ असं लिहिलेलं दिसत होतं.

अक्षरं तीच होती.

“अहो,” त्यांनी रस्त्यापलीकडून हाक मारली, “जरा इकडे या. आणि चष्मा घेऊन या.”

मुरलीधर खरवंडीकर हातातला ब्रश तसाच घेऊन आले. चष्मा लावला. कमरेवर हात ठेवून दोन मिनिटं पाटीकडे बघत राहिले.

“आपलंच आहे,” ते म्हणाले. “ठ सोडून.”

मुरलीधर केंद्र सरकारच्या एका प्रसिद्धी विभागात चित्रकार होते. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पोलिओ, आयोडीनचं मीठ, विहिरीचं पाणी उकळून पिणे आणि अल्पबचत या विषयांवरचे फलक रंगवले. विभागाचं एक परिपत्रक होतं, की अक्षर सुवाच्य आणि गंभीर असावं. त्यांचं ऑफिसातलं अक्षर तसंच होतं, काठी गिळल्यासारखं ताठ. ३० जूनला ते निवृत्त झाले. सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर आणखी चार महिने ठेवता आलं असतं. त्यांनी ते चार आठवड्यांत रिकामं केलं आणि किल्ली देताना नळाची गळती बंद केल्याचंही लिहून दिलं.

त्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत सरलाताईंची बालवाडी एकोणीस वर्षं चालली. सरकारी घरात असले उद्योग करायचे नसतात, म्हणून बाहेर कधी पाटी लागली नाही. ज्यांना माहीत होतं त्यांची मुलं येत. शेजारच्या उपसचिवांच्या मुलीपासून मार्केटातल्या कापडवाल्याच्या नातवापर्यंत. पाटी नसल्यामुळे जे काही लिहायचं ते आतच लिहिलं जाई, आणि आत लिहायचं म्हणजे मुलांची नावं, दप्तराच्या खुंटीवर.

पहिल्या वर्षी मुरलीधरांनी ती आपल्या ऑफिसच्या अक्षरात लिहिली. एकाही मुलाला आपली खुंटी सापडेना. वल्लरी नावाची साडेतीन वर्षांची मुलगी रोज दुसऱ्याच्या खुंटीवर दप्तर अडकवायची आणि मग दुसऱ्याचा डबा खायची. तिचे वडील रेल्वे बोर्डात होते. त्यांनी तक्रार केली नाही. त्यांच्या घरचा डबा खाणाऱ्याने केली.

“तुमची अक्षरं उपाशी आहेत,” सरलाताई नवऱ्याला म्हणाल्या. “पोरांना धरवत नाहीत. जरा बाळसं येऊ द्या त्यांना.”

मुरलीधरांनी रुंद ब्रश घेतला. मार्केटातल्या वाण्याकडून चहाचं रिकामं खोकं आणून त्याच्या प्लायवूडचे तुकडे पाडले आणि त्यावर जाड एनॅमलचे हात दिले, एकावर एक चार, म्हणजे अक्षर बोटाला लागावं. व केला तो वल्लरीचा गाल बघून. ल बसला तर मांडी घालूनच बसला. शिरोरेषा उशीसारखी, दोन्ही टोकांना गोल. आणि जिथे रेष वळते तिथे प्रत्येक अक्षराला एक छोटी खळी, मुलाचं बोट जिथे थांबेल तिथे. वल्लरीने एकदा बोट फिरवलं आणि दुसऱ्या दिवशी आपली खुंटी बरोबर ओळखली. डबा मात्र काही दिवस दुसऱ्याचाच खाल्ला; ते अक्षराच्या हातात नव्हतं.

तेव्हापासून पद्धत पडली. मुरलीधर आगाऊ अक्षर काढत नसत. नवं मूल आलं, त्याच्या नावात नवं अक्षर असलं, की दोन-चार दिवस त्याला बघायचं आणि मग ते अक्षर करायचं. सरलाताईंचा नियम वेगळा होता. मूल ज्या दिवशी न रडता आत येईल त्या दिवशी त्याची पाटी खुंटीवर चढेल, आणि पाटी चढली की नाव पटावर. बालवाडी सोडताना पाटी मुलाबरोबर घरी जायची. एकोणीस वर्षांत दोनशे बारा मुलं झाली. त्यांच्या नावांतून जवळपास सगळी वर्णमाला भरली. ढ कोणाच्या नावात नव्हता, याची कोणाला खंत नव्हती. ठही नव्हता.

अक्षराखाली मुरलीधरांनी एकदाही सही केली नाही. तारीखही घातली नाही. सरकारी नोकराने परवानगीशिवाय खाजगी काम करू नये, हा नियम त्यांनी स्वतःच्या घरातल्या खुंट्यांनाही लावला होता.

आणि आता तेच अक्षर समोरच्या इमारतीवर बारा फूट पसरलं होतं.

मंगळवारी सकाळी अकराला ‘ठुमक’चे मॅनेजर सूद आले. चाळिशीचे, गोरे, पांढऱ्या मारुतीतून रस्ता ओलांडून आलेले. रस्ता तीस फुटांचा होता.

“नमस्ते आंटीजी. बोर्ड बहुत प्यारा है. बस एक प्रॉब्लेम है जी. ये डिज़ाइन हमारा है.”

“तुमचं?” सरलाताई म्हणाल्या. दिल्लीत एकतीस वर्षं काढूनही रागावल्या की त्या मराठीतच बोलत. मग सावरून म्हणाल्या, “आपका कैसे? ये तो हमारे घर का अक्षर है.”

“घर का?” सूद हसले. “आंटीजी, घर का अचार होता है. अक्षर तो कंप्यूटर का होता है. हमने एजन्सी से बनवाया है. तीन ब्रांच हैं, दिवाली तक सब पे यही लगेगा.”

“कौन-सी एजन्सी?”

ते काही त्यांनी सांगितलं नाही. पाटी आठ दिवसांत उतरवा, एवढं नम्रपणे सांगून ते मारुतीत बसले आणि वळसा घेऊन समोर गेले.

दुसरा त्रास नम्र नव्हता. दोन्ही पाट्या एकाच अक्षरात, त्यामुळे दोन्ही दुकानं एकाच मालकाची, असा सेक्टरातल्या लोकांनी सरळ हिशेब केला होता. रोज दोन-तीन आया येत आणि विचारत, “ये ठुमक की छोटी वाली ब्रांच है ना?” हो म्हटलं असतं तर दहा दिवसांत खोली भरली असती. सरलाताई म्हणत, “जी नहीं. वो सामने है.” आणि बोट दाखवत. पहिल्या आठवड्यात त्यांनी अशी नऊ मुलं स्वतःच्या हाताने रस्त्यापलीकडे पाठवली.

“तू त्यांची रिसेप्शनिस्ट झाली आहेस,” मुरलीधर म्हणाले.

“मग खोटं बोलू?”

“तसं नाही. पण बोट तरी दाखवू नकोस. शोधू दे त्यांना.”

नऊ मुलं परत पाठवणं परवडण्यासारखं नव्हतं. कृष्णाकाठ ही केंद्र सरकारातल्या मराठी नोकरांनी काढलेली सोसायटी; खरवंडीकर आता तिथेच राहायला आले होते. तळमजल्याची ती खोली सोसायटीची. बालवाडीला ती मिळाली होती दोन महिन्यांच्या बोलीवर. ३० सप्टेंबरला सकाळी नऊ वाजता पटावर पंधरा मुलं असली तर खोली राहील. नसली तर तिथे टेबल टेनिसचं टेबल येईल. टेबल घेऊनही झालं होतं. ते जिन्याखाली गुंडाळून ठेवलं होतं आणि सरलाताई रोज येताजाता त्याला वळसा घालून जात. अट घातली होती सोसायटीच्या सचिव विजयालक्ष्मी हुपरीकर यांनी. त्या गृहखात्यातून अवर सचिव म्हणून निवृत्त झाल्या होत्या आणि घरचा दूधवालासुद्धा त्यांना लेखी द्यायचा.

सूदांनी त्यांना पत्रही पाठवलं. बाई खाली आल्या.

“सरलाबाई, पत्रात नक्कल असा शब्द आहे. मला उत्तर द्यावं लागेल. अक्षर तुमचं आहे याला कागद काय?”

“ह्यांनी काढलंय. माझ्यासमोर. अठ्ठ्याहत्तर साली.”

“ते तुम्ही सांगताय. कागद?”

“कागद नाही,” मुरलीधर म्हणाले. “परवानगी घेतली नव्हती, म्हणून सही केली नाही.”

विजयालक्ष्मीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत थोडा आदरही होता. “म्हणजे नियम पाळला म्हणून पुरावा नाही.”

“हो.”

“हे फक्त आपल्याकडेच होऊ शकतं,” बाई म्हणाल्या आणि पत्राच्या कोपऱ्यात पेन्सिलीने ‘चर्चा करावी’ असं लिहून निघून गेल्या.

रविवार, १० ऑगस्टला दुपारी चारला वल्लरी आली. तीच, व आणि ल वाली. आता बावीस वर्षांची, नोएडातच एका डीटीपी स्टुडिओत कामाला. हातात पेढ्यांचा बॉक्स, पायात धुळीने भरलेले कॅनव्हासचे बूट. नव्या घराचं अभिनंदन करायला आली होती. दारातूनच ओरडली.

“ताई! समोर पाहिलंत? आपलं अक्षर! बारा फुटी! मी सरप्राइज म्हणून सांगितलंच नव्हतं!”

सरलाताई सोफ्यावर बसल्या. “हे तू केलंस?”

“मी! सहा महिने लागले यार, लंच टाइम घालवला रोज.” तिने पेढ्यांचा बॉक्स उघडून समोर धरला. “पंच्याण्णवच्या गणपतीत आपण सगळे जमलो होतो ना, तेव्हा मी प्रत्येकाकडून त्याची पाटी मागून घेतली. चौसष्ट जणांकडे होती अजून. सिद्धांतची तर देवघरात ठेवलेली. सगळ्या स्कॅन केल्या, फॉन्ट बनवला. नाव पण तुमचंच ठेवलं, बाळसं. स्टुडिओचे सर म्हणाले, बाल्सा? इटालियन है क्या? मी म्हटलं, बिल्कुल.”

“आणि विकला?”

“सरांनी. मी कशाला विकू?” वल्लरीचा हात पेढ्यावर थांबला. दोघांचे चेहरे तिच्या आत्ता लक्षात आले. “काय झालं?”

सरलाताईंनी सांगितलं. वल्लरी ऐकत गेली तशी सोफ्यावरून हळूहळू जमिनीवर आली आणि मांडी घालून बसली, लहानपणी चूक झाली की बसायची तशी.

“मला वाटलं तुम्हाला आवडेल. घरातल्या घरात किती दिवस ठेवणार होतात? ताई, आता सगळीकडे आहे ते. कुल्फीच्या गाड्यांवर आहे. केबलवाल्याच्या बिलावर आहे. लक्ष्मीनगरला एक चार्टर्ड अकाउंटंट आहे, त्याची पाटी त्यात आहे.”

“मोतीबागेच्या स्टॉपवर मूळव्याधीच्या दवाखान्याची आहे,” मुरलीधर शांतपणे म्हणाले. “मार्चमध्ये पाहिली. म्हटलं डोळे तपासून घ्यावेत.”

“काका, सॉरी.”

“भगंदर हा शब्द मी आजवर इतका गोंडस पाहिला नव्हता,” मुरलीधर म्हणाले. “तो ग गौतमीचा आहे. ती आता डॉक्टर होते आहे, एवढंच समाधान.”

सरलाताईंना हसू फुटलं. त्या हसल्या तेव्हा वल्लरी रडली, आणि मग पेढा खाल्ला.

मुरलीधरांनी चष्मा पुसला. “एक सांग. ठ कुठून आणलास?”

“मीच काढला. कोणाच्या पाटीत नव्हता ना. ढ पण मीच काढला. दिल्लीत ढाबे आहेत, ठंडा पानी आहे, त्याशिवाय फॉन्ट कोण घेणार?”

“दिसतंय. कंपासने काढलाय.”

“इतका वाईट आहे?”

“वाईट नाही. त्याला खळी नाही. बाकीची अक्षरं बसली आहेत, तो टेकलेला आहे.”

शनिवार, १६ ऑगस्टला संध्याकाळी पाच वाजता विजयालक्ष्मीबाईंनी आपल्या फ्लॅटवर दोन्ही पक्षांना बोलावलं. सूद आले. वल्लरी आली ती एक बोचकं घेऊन. त्यात जुन्या मुलांच्या एकोणतीस पाट्या होत्या. तिने त्या गालिच्यावर पसरल्या. सिद्धांत, मैत्रेयी, साकेत, गौतमी, हरप्रीत. सूद उकिडवे बसले आणि एकेक पाटी उचलून पाहू लागले.

“ये तो सच में वही है,” ते म्हणाले. “पर मॅडम, ये तो कल भी बन सकता है.”

“बरोबर आहे,” विजयालक्ष्मीबाई म्हणाल्या. “तारीख पाहिजे.”

वल्लरीने आपली पाटी उचलून बाईंच्या हातात दिली. “मॅडम, उलटी करा.”

मागे पॉलिश नव्हतं. नुसतं चहाच्या खोक्याचं लाकूड. त्यावर काळ्या शाईचा जुना छाप, अर्धा कापला गेलेला. बागेच्या नावाची तीन अक्षरं, चहाचा नंबर, आणि खाली स्वच्छ आकड्यांत साल: १९७८. बाईंनी चष्मा कपाळावर चढवून ते पाहिलं. मग आणखी सात पाट्या उलट्या केल्या. एकोणऐंशी, ब्याऐंशी, पुन्हा ब्याऐंशी, सत्त्याऐंशी.

“कागद नाही,” त्या म्हणाल्या, “पण लाकूड चालेल.”

सूदांनी दोन्ही हात वर केले. ते वाईट गृहस्थ नव्हते; त्यांनी एजन्सीचं बिल भरलं होतं आणि बिल खरं होतं. “अंकलजी, आप के ही हैं. मैं कान पकड़ता हूँ. अब एक बात बताइए. तीन ब्रांच पे चढ़ाना है मुझे. मेरी बीवी कहती है बाकी सब गोलूमोलू है, पर ये ‘ठ’ ऐसा लगता है जैसे किसी ने सायकल का पहिया रख दिया. उसने तो बिना बताए पकड़ लिया.”

“हुशार आहेत तुमच्या मिसेस,” मुरलीधर म्हणाले.

“तो आप बना दो ना. असली वाला.”

“नाही बनवता येत.”

“क्यों जी? आप ही का तो है.”

“ठ नाव का बच्चा नहीं आया,” मुरलीधर म्हणाले. त्यांना हे हिंदीत नीट मांडता येईना, म्हणून वल्लरीने समजावलं. सूदांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

“मतलब, ठ वाला एक बच्चा चाहिए.”

“हो.”

“नाम में कहीं भी?”

“कुठेही.”

“ठीक है जी,” सूद उठले. “दिल्ली में क्या नहीं मिलता.”

बैठकीचा निर्णय विजयालक्ष्मीबाईंनी एका पानात लिहून दोघांना दिला. दोन्ही पाट्या राहतील. समोरची आमची शाखा नाही, असा कागद दोन्हीकडे दारावर लागेल. पंधरा मुलांची अट कायम. तिथे बाई हलल्या नाहीत. “मी स्वतः येऊन मोजेन. पट नाही, खुंट्या मोजेन. पट कोणीही भरतं.”

सप्टेंबरमध्ये मुलं येऊ लागली. जुन्या मुलांनी आपल्या ओळखीपाळखीत सांगितलं. साकेतच्या बहिणीचा मुलगा आला. सोसायटीतली चार आली. ‘ठुमक’मध्ये ज्यांना इंग्रजी कविता पाठ होईनात अशी दोन सूदांनी स्वतः पाठवली. १५ तारखेला अकरा पाट्या खुंटीवर होत्या, २२ तारखेला चौदा. पंधरावी खुंटी रिकामी होती. सरलाताई झाडताना तिच्यावरही फडकं फिरवत.

सूद तोवर ठ शोधत होते. सेक्टरच्या बाजारात दूधवाला, धोबी आणि गॅस एजन्सीवाला या सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं. एक ठाकूर आडनावाचा मुलगा सापडला, पण तो सहावीत होता. एका बाईंनी आपल्या मुलीचं घरातलं नाव ठमी असल्याचं कळवलं. चौकशीत ती मांजर निघाली.

मंगळवार, २३ सप्टेंबरला सकाळी नऊ वाजता सूद पहिल्यांदाच पायी रस्ता ओलांडून आले. डाव्या हाताला एक साडेतीन वर्षांचा मुलगा होता. मुलगा रडत होता. मागून त्याची आई येत होती आणि तीही जवळपास रडत होती.

“आंटीजी,” सूद दारातून म्हणाले, “ठ.”

मुलाचं नाव नीलकंठ. घरचे हुबळीचे, वडिलांची एका सॉफ्टवेअर कंपनीत बदली होऊन ते ऑगस्टमध्ये नोएडात आले होते. मुलाला हिंदी येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं. ‘ठुमक’मध्ये तो चार दिवस सलग रडला होता. आईला थोडं मराठी येत होतं.

“खूप रडतो हो,” ती म्हणाली. “हा आठवडा बघते. नाही राहिला तर मंगळवारी सांगते, मग आम्ही जून महिन्यापर्यंत घरीच ठेवू.”

“बघा ना,” सरलाताई म्हणाल्या. त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं नाही. मंगळवार म्हणजे ३० तारीख, हे त्यांना न बघता माहीत होतं.

मुरलीधर बघायला बसले. बुधवारी नीलकंठ आत येताना रडला आणि टेबलाखाली जाऊन बसला. गुरुवारी रडला आणि टेबलाखाली जाऊन बसला. मुरलीधरांनी त्या दिवशी अकरा ठ काढले आणि अकराही पुसले.

“रडताना तोंड उघडतो तेव्हा अगदी ठ होतो,” ते जेवताना म्हणाले.

“रडका ठ नको मला,” सरलाताई म्हणाल्या. “ते अक्षर तो बोटाने गिरवणार आहे.”

“घाई करू नकोस.”

“मी कुठे घाई करतेय? तारीख घाई करतेय. तुम्ही एकतीस वर्षं सरकारात होतात, तुम्हाला तारखेचं काही वाटत नाही. मला वाटतं. सरोजिनी नगरला मला कोणी पाटी लावू दिली नाही. इथे लावली. दोन महिन्यांत उतरवायची म्हणजे...” त्यांनी पोळी तव्यावर टाकली.

शुक्रवारी नीलकंठ दारात रडला, पण टेबलाखाली गेल्यावर थांबला. गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हातांनी धरले आणि त्यांच्यावर हनुवटी टेकवून बाकीच्या मुलांकडे बघत बसला. टेबलाची फळी बरोबर त्याच्या डोक्यावर. मुरलीधर खुर्चीतून उठले, गुडघ्यावर आले आणि खाली वाकून त्याच्याकडे पाहत राहिले. नीलकंठने त्यांच्याकडे पाहिलं. मग जागा करून देण्यासाठी थोडा सरकला.

“सरला,” मुरलीधर टेबलाखालून म्हणाले, “वर शिरोरेषा आहे, खाली हा आहे. आणि कोपर दुमडलंय तिथे खळी आहे.”

“मग बाहेर या आणि काढा.”

शनिवार आणि रविवार ते त्यातच होते. एनॅमलचा एक हात सुकायला रात्र लागते; चार हात द्यायचे म्हणजे चार रात्री. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार. सोमवारी नीलकंठ दारात नुसता हुंदके देत आला, टेबलाखाली थोडा वेळ बसला आणि मग स्वतःहून बाहेर येऊन ठोकळ्यांपाशी गेला. जाताना मात्र आईला बघून पुन्हा रडला. सरलाताईंच्या नियमात जातानाचं रडणं धरत नसत.

सोमवारी संध्याकाळी सूद ठ पाहायला आले. बोट लावू का, असं विचारलं. “गीला है,” मुरलीधर म्हणाले. सूद हात पाठीमागे बांधून वाकले.

“अंकलजी, ये तो बैठा है,” ते हळूच म्हणाले.

“हो.”

“मैं कल सुबह पेंटर बुला रहा हूँ. पुराना पहिया उतार देते हैं. नया चढ़ा लूँ?”

मुरलीधरांनी बायकोकडे पाहिलं.

“पहले वो जिसका है उसकी खूँटी पे चढ़ेगा,” सरलाताई म्हणाल्या. “फिर आप चढ़ा लेना.”

“और अगर कल वो रोया तो?”

सरलाताईंनी रिकाम्या पंधराव्या खुंटीवरून फडकं फिरवलं. सूदांनी तरीही पेंटर बोलावला.

मंगळवार, ३० सप्टेंबर. सकाळी आठ वाजता समोरच्या शिडीवर चढून पेंटरने ‘ठुमक’चा ठ टर्पेंटाइनने पुसून काढला. आठ दहाला तिथे हिरवा रिकामा चौकोन होता आणि पाटी ‘ुमक प्ले स्कूल’ अशी उरली होती. सूद खाली फाटकाशी उभे होते. आठ वीसला वल्लरी आली. तिने ऑफिसात दात दुखतोय असं सांगितलं होतं. आठ तीसपर्यंत चौदा मुलं आत होती आणि चौदा दप्तरं आपापल्या खुंट्यांवर होती. पंधरावी पाटी टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. मुरलीधरांनी ती दोनदा उघडून, रंग सुकला का ते पाहून, पुन्हा गुंडाळली होती.

“आता हात लावू नका,” सरलाताई म्हणाल्या. “ठसा उमटेल.”

आठ चाळीसला जिन्यावर विजयालक्ष्मीबाईंच्या चपला वाजल्या. त्या वीस मिनिटं आधी आल्या होत्या आणि आत न येता जिन्याखाली, टेबल टेनिसच्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. हातात घड्याळ होतं. बसा म्हटलं तरी त्या बसल्या नाहीत.

आठ बावन्नला सोसायटीच्या फाटकाशी रिक्षा थांबली. आधी आई उतरली, मग नीलकंठ. त्याने एका हाताने आईचा पदर धरला होता, दुसऱ्या हातात दप्तराचा पट्टा होता आणि दप्तर जमिनीवरून घासत येत होतं. फाटकापासून बालवाडीच्या दारापर्यंत चाळीस पावलं आहेत. सूद रस्त्यापलीकडून बघत होते. शिडीवरचा पेंटर ब्रश भरून थांबला होता.

नीलकंठ खिडकीखाली आला. मान वर करून त्याने ‘बाळसं’ या पाटीकडे पाहिलं. त्याचा खालचा ओठ बाहेर आला, थोडा थरथरला आणि पुन्हा आत गेला. त्याने पदर सोडला.

आठ चोपन्न झाले होते. तो पहिल्या पायरीवर उभा होता. अजून रडला नव्हता.